ताणा आपला, बाणा कुणाचा?

जागतिकीकरण हा शब्द आपल्याकडे १९९१ नंतर रूढ झाला. त्या वर्षी २४ जुलै रोजी तेव्हाचे अर्थमंत्री डॉ. मनमोहनसिंग यांनी संसदेत अर्थसंकल्प मांडला आणि देशाच्या बाजाराची दारे उघडू लागली. तेव्हापासून या शब्दावर पुष्कळ भाषणे झाली, लेख आले, मोर्चेही निघाले. सर्वसामान्य घरात मात्र त्याचा अर्थ दोनच गोष्टींपुरता उरला आहे: बाजारातला स्वस्त चिनी माल आणि हातातला मोबाइल. त्यामुळे या विषयावर बोलणे म्हणजे एक तर मोबाइलला दोष देणे किंवा चिनी मालावर बहिष्काराची हाक देणे, असे काहीसे झाले आहे.

आम्हाला वाटते, ही गोष्ट आपल्या घरात याहून फार खोलवर शिरली आहे. ती समजून घ्यायची तर एखादी वस्तू हातात घेऊन पाहावी लागेल. या महिन्यात आम्ही कापड घेतले आहे. त्याला कारण आहे. महाराष्ट्रातील मुसलमानांच्या हाती जे मोठे उद्योग आहेत, त्यांत कापड विणणे अग्रभागी आहे. मालेगाव आणि भिवंडी ही दोन शहरे तर मागाच्या आवाजावरच झोपतात आणि उठतात. शिवाय कापड ही अशी वस्तू आहे की तिच्यात धंदा आणि संस्कृती वेगळी काढता येत नाही. अंगावर काय घालायचे हे संस्कृती ठरवते आणि त्यावर कुणाची चूल पेटायची हे ठरते.

जुनीच वाट

दूरदेशीचा व्यापार आपल्याला नवा नाही. कुरआनमधील सूरह कुरैश ही अगदी छोटी सूरह आपल्या घरातली लहान मुले पाठ करतात. त्या सूरहमध्ये कुरैशांच्या हिवाळ्यातील आणि उन्हाळ्यातील प्रवासाचा उल्लेख आहे. हे प्रवास व्यापारी काफिल्यांचे होते, हिवाळ्यात येमेनकडे आणि उन्हाळ्यात शाम म्हणजे सीरियाकडे. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) ह. खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामला गेले होते. परमुलखाशी देवघेव करणे हे आपल्या परंपरेत कधीच कमीपणाचे मानले गेले नाही.

हिंदुस्थानचे कापड तर या वाटेवरचे मानाचे प्रवासी होते. इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळ फुस्तात नावाचे प्राचीन शहर आहे. तेथील उत्खननात गुजरातेत छापलेल्या सुती कापडाचे शेकडो वर्षांपूर्वीचे तुकडे सापडले आहेत. कालिकत बंदरावरून जाणाऱ्या कापडाला युरोपात कॅलिको नाव पडले. कापसाला अरबीत कुत्न म्हणतात, त्यावरूनच इंग्रजीतला कॉटन हा शब्द आला. आपल्या मराठीचेच पाहा. दुकान, बाजार, माल, दलाल, रक्कम, नफा, जमा, खर्च, हिशेब हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठी माणसाच्या वहीत असे बसले की ते परके आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. व्यापाराने वस्तू आणल्या, वस्तूंबरोबर शब्द आले, शब्दांबरोबर माणसे आली.

मग आज बिघडले कुठे? बिघाड देवघेवीत नाही, नियम कोण ठरवतो यात आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या घराघरांत हिंदुस्थानी छापील कापड पोहोचले, तेव्हा तेथील लोकर आणि रेशीम विणणारे हवालदिल झाले. इंग्लंडच्या संसदेने १७०० साली आणि पुन्हा १७२१ साली कायदे करून हे कापड रोखले. पुढे त्यांच्या गिरण्या तयार झाल्या, इथे राज्यही त्यांचे झाले आणि तेव्हा मात्र खुल्या व्यापाराचे गुणगान सुरू झाले. लँकेशायरचे कापड हिंदुस्थानात मुक्तपणे येऊ लागले. ज्याच्या हाती नियम, त्याच्या हाती बाजार. हा धडा तीनशे वर्षांचा आहे आणि आजही तो जुना झालेला नाही.

आग्रा रोडवरची वस्ती

त्या गिरणीच्या कापडाने उत्तर हिंदुस्थानातील विणकरांचे हातमाग बंद पाडले. त्यातच १८५७ चा उठाव झाला, दडपशाही झाली, पुढे दुष्काळ पडले. आझमगढ, मऊ, बनारस, अलाहाबाद या भागांतील मोमीन-अन्सारी कुटुंबे घरदार सोडून दक्षिणेकडे निघाली. बुऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव, भिवंडी अशी आग्रा रोडच्या आसपास त्यांची वस्ती होत गेली. मोसम आणि गिरणा या नद्यांच्या संगमावरील मालेगावात त्यांनी माग टाकले. म्हणजे आज ज्यांना आपण मालेगावकर म्हणतो, त्यांच्यातील पुष्कळांचे पणजोबा हे त्या काळच्या जागतिक व्यापाराचे निर्वासित होते.

विसाव्या शतकात विजेवर चालणारे माग आले. महाराष्ट्रात पहिला यंत्रमाग १९०४ साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी सुरू केला. पुढे मालेगाव आणि भिवंडीतही हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्या बसल्या, त्यांचे कापड यंत्रमागाकडे वळले. भिवंडीत शेडमागून शेड उभ्या राहिल्या. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून कामगार आले. बारा-बारा तासांच्या पाळ्या, मीटरवर मजुरी, भिशीत जेवण आणि मागाच्या शेजारीच झोप. एकाचा रोजगार गेला आणि दुसऱ्याला मिळाला, पण ज्याला मिळाला त्याला गिरणी कामगारासारखी पगारी रजा, भविष्यनिर्वाह निधी, घर यांतले फारसे काही मिळाले नाही. आपल्या भागाची भरभराट सांगताना ही बाजू आम्ही वगळू इच्छित नाही.

लुगडे कोण विणत होते?

मालेगावचे नाव एकेकाळी रंगीत लुगड्यांसाठी होते. खान्देश, मराठवाडा, विदर्भातल्या शेतकरी आणि मजूर बाया रोज जे सुती नऊवारी नेसत, त्यातले कितीतरी मालेगावच्या मोमीन विणकरांनी विणलेले असे. नेसणारी हिंदू, विणणारा मुसलमान आणि मधला व्यापारी बहुधा मारवाडी किंवा गुजराती. या साखळीवर कुणी कधी एकात्मतेचे भाषण दिले नाही. ती पोटापाण्याची साखळी होती, म्हणूनच मजबूत होती. आठवडे बाजारात लुगडे खपले की मालेगावच्या मोहल्ल्यात उजेड पडत असे.

ही साखळी कशी सुटली ते पाहण्यासारखे आहे. कोणताही कायदा आला नाही. आधी नऊवारीची पाचवारी झाली, सुती साडीच्या जागी सुरतेची पॉलिस्टर साडी आली. ती स्वस्त, न चुरगळणारी, धुतली की लगेच वाळणारी. मग साडीच्या जागी पंजाबी ड्रेस आला, त्यानंतर लेगिंग आणि कुर्ती आली, घरात गाऊन आला. पुरुषांच्या बाबतीतही हेच झाले. मालेगाव, भिवंडीत विणली जाणारी लुंगी ट्रॅकपँटने मागे सारली. शेतात राबणाऱ्या बाईला गाऊन किंवा ड्रेस सोयीचा वाटला तर तिला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. नऊ वार ओले कापड पिळून पाहा, मग कळेल. पण एक गोष्ट खरी आहे. पोशाख बदलतो तेव्हा कुठेतरी एक माग बंद पडतो. आणि तो माग आपला असू शकतो.

आता आपल्या स्वतःच्या कपाटाकडे पाहू. आपल्या आया-आज्यांचा साधा बुरखा मोहल्ल्यातल्या शिंप्याकडे शिवला जाई, कापडही इकडचेच असे. आज अबाया आला आहे. त्याला जे निदा नावाचे मऊ काळे कापड लागते ते बहुतांशी कोरिया आणि जपानकडून येते. अरबांच्या पांढऱ्याशुभ्र थोबचे उंची कापड जपानच्या गिरण्यांतून येते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. जानमाजवर तुर्कस्तानची किंवा चीनची चिठ्ठी असते, तस्बीहचे मणी चिनी असतात. ज्याला आपण मोठ्या श्रद्धेने अरबी संस्कृती समजून घरी आणतो, तीही जगाच्या बाजारातच तयार झालेली असते.

यात नवल वाटण्यासारखे किंवा हराम-हलालचा वाद घालण्यासारखे काही नाही. काबागृहावर चढविल्या जाणाऱ्या किस्व्याचेच उदाहरण घ्या. शतकानुशतके तो इजिप्तमधून येई. १९२७ साली मक्केत किस्व्यासाठी कारखाना सुरू झाला तेव्हा विणकामासाठी हिंदुस्थानातून कारागीर नेण्यात आले होते. आज त्याचे कच्चे रेशीम इटलीतून आणि सोन्या-चांदीची तार जर्मनीतून येते. सांगायचे एवढेच की ज्याच्या हातात कसब असते, त्याला जगाने बोलावून नेले आहे. एके काळी ते कसब आपल्या हातात होते.

कोटा, करार आणि कोरे कापड

आता धंद्याकडे येऊ. १९७४ पासून जगात मल्टी फायबर अरेंजमेंट नावाचा करार होता. कोणत्या गरीब देशाने श्रीमंत देशांत किती कापड आणि किती तयार कपडे पाठवायचे, याचा कोटा त्यात ठरलेला असे. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि दहा वर्षांत हा कोटा टप्प्याटप्प्याने काढायचे ठरले. १ जानेवारी २००५ रोजी तो पूर्ण संपला. त्याआधी डिसेंबर २००१ मध्ये चीन या संघटनेचा सदस्य झाला होता, आणि १ एप्रिल २००१ पासून भारताने आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधनेही काढून टाकली होती. मैदान खुले झाले. प्रश्न असा होता की त्या मैदानात उतरायला कोण तयार आहे?

या संदर्भात बांगलादेशाचे उदाहरण फार बोलके आहे. कोट्याच्या बंधनांमुळे दक्षिण कोरियाच्या कंपन्या नवीन जागा शोधत होत्या. देवू या कोरियन कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस बांगलादेशातील देश गारमेंट्सशी करार केला. तेथील सुमारे १३० माणसे शिकण्यासाठी कोरियाला गेली. शिवणकाम, गुणवत्ता, मालाची वेळेत रवानगी हे सारे शिकून ती परत आली, आणि त्यांतल्या अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. आज बांगलादेश तयार कपड्यांच्या निर्यातीत जगात चीनच्या खालोखाल गणल्या जाणाऱ्या देशांत आहे. २०११ च्या सप्टेंबरमध्ये भारताने बांगलादेशाच्या ४६ प्रकारच्या वस्त्र-मालाला जकातीतून सूट दिली. मुंबईच्या मॉलमध्ये शर्टाची चिठ्ठी उलटून पाहिली तर मेड इन बांगलादेश असे सहज दिसते.

या यशाची किंमतही मोठी आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक कामगार ठार झाले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले गेले. युरोप-अमेरिकेतील स्वस्त कपड्यांची किंमत कोणी मोजली, हे त्या दिवशी जगाने पाहिले. बांगलादेशाची नक्कल करा असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांनी एक गोष्ट ओळखली, ती आपण ओळखली नाही. पैसा कापडात कमी आणि कपड्यात जास्त आहे.

मालेगावात मुख्यतः विणले जाते ते कोरे, म्हणजे ग्रे कापड. ते मीटरवर विकले जाते. रंगाई-छपाईसाठी ते राजस्थानातील पाली-बालोतराकडे किंवा अहमदाबादकडे जाते. तिथून ते शिवणाऱ्याकडे, त्याच्याकडून दुकानात आणि दुकानातून आपल्या घरी येते. या प्रत्येक टप्प्यावर किंमत वाढते. सर्वांत जास्त धूळ खाणारा, कान बधिर करून घेणारा पहिला टप्पा आपला आणि त्यातला नफा सर्वांत कमी. अनेकांचे तर सूतही स्वतःचे नसते. व्यापारी सूत देतो, हे मजुरीवर विणून देतात. माग आपला, वीज बिल आपले, तुटफूट आपली. भाव मात्र दुसऱ्याचा.

त्या भावाची दोरी कुठे आहे? कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात हलतो. मार्च २०११ मध्ये तिथे कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला, तेव्हा इथल्या सुताचे दर भडकले. मे २०२२ मध्ये आपल्याकडे रुईच्या खंडीचा भाव एक लाख रुपयांच्या पलीकडे गेला. खंडी म्हणजे ३५६ किलो. पॉलिस्टरचे सूत पेट्रोलियमपासून बनते, त्यामुळे आखातात तणाव वाढला की तेही महागते. सूत महागले तरी कापडाला त्या प्रमाणात भाव मिळत नाही, कारण गिऱ्हाइकासमोर दुसऱ्या कुणाचे तरी स्वस्त कापड असतेच. मग मालक आठवड्यातले काही दिवस माग बंद ठेवतो आणि त्या दिवसांची मजुरी बुडते ती कामगाराची.

दुसरी अडचण यंत्राची. धोट्याचा साधा माग मिनिटाला शंभर-दीडशे आडवे धागे टाकतो. एअरजेट माग सहाशेच्या वर टाकतो आणि कापडात दोष कमी असतो. सरकारने १ एप्रिल १९९९ पासून नवीन यंत्रांसाठी टफ योजना आणली. पण ती मुळात बँकेच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी योजना. आठ-दहा मागांच्या मालकाकडे जागेचे धड कागद नाहीत, हिशेबाच्या वह्या नाहीत आणि पुष्कळांना व्याजाचा व्यवहारच नको असतो. इचलकरंजीने त्यातल्या त्यात लवकर शटललेस माग बसवले. आपली शहरे मागे राहिली. त्यावर २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी असे तीन तडाखे चार वर्षांत बसले. रोखीवर चालणारा हा धंदा वाकला. कित्येक माग भंगारात किलोच्या भावाने गेले.

माग उठले, गोदामे आली

भिवंडीत आज काय चालले आहे ते पाहा. नाशिक महामार्गाच्या दोन्ही बाजूंना मैलोन्मैल गोदामे उभी राहिली आहेत. ऑनलाइन विक्री करणाऱ्या बड्या कंपन्यांचा माल तिथे उतरतो आणि मुंबई-ठाण्याच्या घराघरांत जातो. जे शहर कापड विणून बाहेर पाठवत होते, ते आता जगाचा माल साठवते. विणकराचा मुलगा पाठीवर खोकी वाहतो किंवा दुचाकीवरून पार्सल पोहोचवतो. त्या पार्सलमध्ये कधी कधी कापडच असते. मालेगावात काहींनी माग मोडून जुन्या प्लास्टिकपासून पाइप बनवण्याचे कारखाने टाकले आहेत. काम कोणतेही असो, हलाल रोजीत लाज नाही. पण विणकामात बापाकडून मुलाकडे एक कसब जात होते. खोके उचलण्यात मुलाकडे काय जाणार, हा विचार पालकांनी करायला हवा.

घरातल्या बायकांचेही काम गेले आहे आणि त्याची नोंद कुणीही घेत नाही. कांड्या भरणे, धागे कातरणे, घड्या घालणे ही कामे मोहल्ल्यातल्या घराघरांत होत. मजुरी फार थोडी होती, पण मुलीची फी आणि दवाखान्याचा खर्च त्यातून निघे. माग मोडले त्या गल्लीतले हे पैसेही बंद झाले.

शुक्रवारचा सिनेमा

एवढे वाचून वाचकांना वाटेल की जागतिकीकरण म्हणजे केवळ तोटाच. तसे नाही. मालेगावातच त्याचे दुसरे रूप आहे. मालेगावात मागांना शुक्रवारी सुट्टी असते. जुम्याच्या नमाजनंतर तरुण कामगारांची पावले सिनेमाकडे वळत. याच गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली मालेगाव के शोले हा चित्रपट काढला. कलाकार गावचे, भाषा गावची, खर्च नाममात्र. पुढे तर त्यांनी हॉलिवूडच्या सुपरमॅनला मालेगावात आणले. तो सुपरमॅन होता शफीक शेख हा किरकोळ अंगाचा यंत्रमाग कामगार. फैजा अहमद खान यांनी या उद्योगावर सुपरमेन ऑफ मालेगाव हा माहितीपट बनवला आणि तो देशोदेशी पाहिला गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा सुपरबॉइज ऑफ मालेगाव हा चित्रपट त्याच कथेवर आला.

सिनेमा पाहावा की नाही यावर आपल्या वाचकांत मतभेद आहेत आणि ते आम्हाला ठाऊक आहेत. तो वाद इथे नाही. आम्हाला दाखवायचे आहे ते वेगळे. सुपरमॅन बाहेरून आला, पण मालेगावने त्याला आपली बोली दिली, आपल्या अडचणी दिल्या आणि आपला विनोद दिला. ताणा बाहेरचा होता, बाणा आपला घातला. म्हणून ते कापड मालेगावचे ठरले आणि जगाने ते आवडीने पाहिले. आज खान्देशातील बोलीत बनलेल्या विनोदी चित्रफिती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या जातात, हेही त्याचेच पुढचे पाऊल. उलट, जिथे आपण बाहेरचे जसेच्या तसे उचलतो, तिथे आपण फक्त गिऱ्हाईक उरतो.

करता काय येईल?

पहिली गोष्ट दर्जाची. इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफ्यातील कापडाचे मोठे व्यापारी होते. त्यांच्या मालातील एका कापडात दोष होता. गिऱ्हाइकाला तो सांगूनच विका, असे त्यांनी भागीदाराला बजावले होते. भागीदार विसरला आणि गिऱ्हाईकही सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सारी रक्कम दान केली, असा प्रसंग त्यांच्या चरित्रात सांगितला जातो. आज परदेशी खरेदीदार मीटरामागे किती दोष आहेत हे मोजून माल घेतो किंवा परत पाठवतो. हजार-बाराशे वर्षांपूर्वी जे आपल्याला शिकवले गेले, तीच आजच्या बाजाराची पहिली अट आहे. नमुना एक आणि माल दुसरा, ही सवय ज्या मोहल्ल्यात आहे, तो मोहल्ला चीनला दोष देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट भागीदारीची. व्याज नको असेल तर त्याला पर्याय हवा आणि तो आपल्या फिकहमध्ये आहे. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत म्हणजे मुदारबा, सर्वांचे भांडवल एकत्र म्हणजे मुशारका. प्रत्येकी आठ माग असलेली पाच घरे एकत्र आली, रीतसर संस्था नोंदवली, हिशेब तपासून घेतला, तर मिळून चार चांगले माग किंवा एक छोटे शिवण-केंद्र सुरू करणे अशक्य नाही. अडचण पैशाची कमी आणि विश्वासाची जास्त आहे. हलाल नफ्याचे आमिष दाखवून गरिबांच्या ठेवी बुडवणारे लोक आपल्यातच निघाले, म्हणून माणसे धास्तावली आहेत. तेव्हा ओळखीच्या मोजक्या घरांनी, लेखी कराराने आणि डोळ्यासमोर चालणाऱ्या कामातच पैसा घालावा. घरबसल्या ठरावीक नफा देण्याचे वचन देईल त्याच्यापासून दूर राहावे.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. विणकराच्या मुलाने माग सोडलाच पाहिजे असे नाही, पण त्याला वस्त्र-अभियांत्रिकी, रंगाई, डिझाइन, निर्यातीची कागदपत्रे यांची ओळख असली पाहिजे. आपल्या मुली शिक्षणात पुढे आहेत. कोरे कापड आणि तयार कपडा यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते त्या भरून काढू शकतात. मालेगावच्या सुती कापडाचे मुलांचे कपडे, चादरी, रुमाल त्याच गावात कापून, शिवून, छायाचित्र काढून ऑनलाइन विकता येतात. ज्या मोबाइलला आपण शिव्या देतो, तोच दुकानाचे दार होऊ शकतो. मालेगावातल्या मुलीला मुंबईच्या व्यापाऱ्याच्या पायऱ्या चढण्याची गरज त्याने संपवली आहे, ही जागतिकीकरणाची चांगली बाजू आम्ही मानतो.

चौथी गोष्ट घरातली. ईदची खरेदी हा आपल्या वर्षातला मोठा खर्च आहे. परदेशी काही घेऊच नका, असे सांगणे खोटेपणाचे होईल. खजूर, जानमाज, अबाया या वस्तू येणारच. पण लुंगी, चादर, टॉवेल, अस्तर, सदऱ्याचे सुती कापड घेताना हे कुठे विणले, एवढे तरी दुकानदाराला विचारू या. गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदार ठेवू लागतो. आणि घरात कामगार असतील, आपले स्वतःचे माग असतील, तर आणखी एक गोष्ट. स्वस्त माल देण्याची शर्यत मजुरी कापून जिंकायची नाही. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी देण्याची शिकवण आपण मिंबरवरून ऐकतो. ती शुक्रवारी ऐकायची आणि हप्त्याच्या दिवशी विसरायची, असे चालणार नाही. राणा प्लाझा ढाक्यात झाला, पण तडा गेलेल्या भिंती, जुन्या शेडमधले उघडे वायरिंग आणि मागाशेजारी झोपणारी माणसे आपल्या भिवंडीतही आहेत.

जगाची दारे आता बंद होणार नाहीत. बंद व्हावीत असे आम्हाला वाटतही नाही, कारण त्याच दारांतून आपले लोक आखातात गेले आणि कोकणातली कितीतरी घरे उभी राहिली. दाराशी आपण हमाल म्हणून उभे राहायचे, गिऱ्हाईक म्हणून, की कारागीर म्हणून, एवढाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक मोहल्ल्याला स्वतः शोधावे लागेल.

म्हणूनच आमची वाचकांना विनंती आहे. आपल्या गावात, आपल्या नात्यात कोणता धंदा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बंद पडला, कोणता तगला आणि तो कशामुळे तगला, हे आम्हाला चार ओळींत लिहून कळवा. विणकर असोत, कल्हईवाले असोत, अत्तरवाले असोत की बांगडीवाले. तगलेल्यांनी काय केले, ते आम्ही इन्शाअल्लाह याच सदरात मांडू. बुडालेल्यांची यादी आपल्या सर्वांना पाठ आहे. तगलेल्यांची युक्ती एकमेकांना कळणे अधिक गरजेचे आहे.